१७२९ : संख्येचे गुण आणि संख्येचे वेष

तंजावरचे नाव निघाले की मराठी वाचकाला भोसल्यांचे राज्य आणि सरस्वती महाल ग्रंथालय यांची आठवण होते. त्याच तंजावर जिल्ह्यात, कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मध्ये, कुंभकोणम हे देवळांचे गाव वसले आहे. तेथील सारंगपाणी मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक लहानसे घर असून श्रीनिवास रामानुजन यांचे बालपण त्या घरात गेले. त्यांचा जन्म २२ डिसेंबर १८८७ रोजी आजोळी, इरोड येथे झाला. वडील कुंभकोणममध्ये एका कापडाच्या दुकानात कारकून होते. कागद महाग असल्यामुळे हा मुलगा पाटीवर गणिते मांडी, कोपराने पुसून टाकी आणि जे निष्पन्न होई तेवढेच वहीत उतरवून घेई.

रामानुजन यांचे नाव ज्याने ऐकले आहे, त्याने १७२९ ही संख्याही बहुधा ऐकलेली असते. इंग्लंडमध्ये ते आजारी असताना केंब्रिजचे गणितज्ञ जी. एच. हार्डी त्यांना भेटण्यासाठी लंडनजवळच्या पुटनी येथे गेले. ज्या भाड्याच्या मोटारीतून ते आले, तिचा क्रमांक १७२९ होता. हार्डींनी सहज म्हटले की, ही संख्या आपल्याला अगदीच नीरस वाटली. त्यावर रामानुजन यांनी अंथरुणावरूनच उत्तर दिले की, ती फार मनोरंजक आहे. दोन धन घनांची बेरीज म्हणून जी संख्या दोन निरनिराळ्या प्रकारांनी मांडता येते, अशी ही सर्वांत लहान संख्या होय.

ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली गेली आहे की ती आता चमत्कारकथा होऊन बसली आहे. चमत्कारापुढे मनुष्य हात जोडतो आणि विचार करणे थांबवतो. विद्यार्थ्याच्या दृष्टीने हे नुकसानच होय. म्हणून या प्रकरणात आपण तीच संख्या घेऊन तिचे गुण एकेक तपासणार आहोत. त्यासाठी शाळेतील गुणाकार-भागाकारापलीकडे फारसे काही लागत नाही. मात्र तपासताना एक भेद सतत ध्यानात ठेवावयाचा आहे : संख्येचे काही गुण तिचे स्वतःचे असतात, काही गुण ती ज्या पद्धतीने लिहिली जाते त्या लेखनाचे असतात, आणि काही गोष्टी केवळ योगायोगाच्या असतात.

अवयव आणि विभाजक

१७२९ विषम आहे. ३ आणि ५ यांनी तिला भाग जात नाही. ७ ने भाग दिला असता २४७ येतात आणि २४७ म्हणजे १३ × १९. तेव्हा १७२९ = ७ × १३ × १९. हे तिन्ही अवयव मूळ संख्या असून कोणताही अवयव दोनदा येत नाही. शिवाय ७, १३ आणि १९ यांमध्ये ६ - ६ चे सारखे अंतर आहे. ही बाब पुढे उपयोगी पडेल.

या अवयवांवरून सर्व विभाजक मिळतात : १, ७, १३, १९, ९१, १३३, २४७ आणि १७२९. यांची एकूण संख्या आठ होते. शेवटचा विभाजक वगळून उरलेल्यांची बेरीज केली तर ५११ येते. ज्या संख्येच्या अशा विभाजकांची बेरीज त्या संख्येइतकीच होते, तिला प्राचीन ग्रीकांनी परिपूर्ण म्हटले. ६ आणि २८ ही तिची उदाहरणे. बेरीज कमी पडली तर ती न्यून संख्या. १७२९ ही न्यून संख्या आहे. या वर्गात तिच्या सोबतीला असंख्य संख्या आहेत, आणि एवढ्यावरूनच पाहावयाचे तर हार्डींचे म्हणणे चुकीचे ठरत नाही.

दोन घनांची बेरीज

आता पहिले बारा घन लिहू : १, ८, २७, ६४, १२५, २१६, ३४३, ५१२, ७२९, १०००, १३३१, १७२८. शेवटचा घन व्यवहारातही परिचयाचा आहे : बारा डझनांचा एक ग्रोस आणि असे बारा ग्रोस म्हणजे १७२८ नग. त्यात एक मिळविला की १७२९. दुसरीकडे ७२९ आणि १००० यांची बेरीजही १७२९ च येते. म्हणजे १ चा घन आणि १२ चा घन मिळून जे होते, तेच ९ चा घन आणि १० चा घन मिळून होते. या बारा घनांच्या जोड्या लावून पाहिल्या असता १७२९ च्या आत असा दुहेरी मेळ कोठेही सापडत नाही. हे काम कंटाळवाणे असले तरी अर्ध्या तासाचे आहे. वाचकाने ते स्वतः करून पाहावे.

परंतु असा मेळ तिसऱ्या प्रकारानेही बसत नसेल कशावरून? येथे अवयवांचे ज्ञान कामी येते. शाळेतील सूत्राप्रमाणे

अ चा घन + ब चा घन = (अ + ब) × (अ × अ − अ × ब + ब × ब).

यावरून अ + ब हा १७२९ चा विभाजक असला पाहिजे. या बेरजेला आपण ‘स’ म्हणू. अ आणि ब धन असल्यामुळे स चा घन हा १७२९ पेक्षा मोठा असणार. १२ चा घन १७२८ असल्याने स किमान १३ हवा. उलट, दोन संख्यांची बेरीज ठरलेली असताना त्यांच्या घनांची बेरीज सर्वांत लहान केव्हा होते? दोन्ही संख्या सारख्या असतात तेव्हा; आणि त्या वेळी ती स च्या घनाच्या चतुर्थांशाइतकी असते. म्हणून स चा घन हा १७२९ च्या चौपटीहून, म्हणजे ६९१६ हून, अधिक असू शकत नाही. १९ चा घन ६८५९ आणि २० चा ८०००. तेव्हा स ला १३ ते १९ एवढीच जागा उरते. विभाजकांच्या यादीत या मर्यादेत दोनच संख्या आहेत : १३ आणि १९, आणि त्या नेमक्या दोन टोकांना बसल्या आहेत.

१३ घेतला तर अ × ब = १२ येतात आणि जोडी १, १२ मिळते. १९ घेतला तर अ × ब = ९० येतात आणि जोडी ९, १० मिळते. तिसरी जोडी संभवतच नाही. ज्या गोष्टीला आपण चमत्कार म्हणत होतो, तिचे कारण १७२९ च्या अवयवांत असे उघड पडलेले होते.

रामानुजन यांच्यापूर्वी फ्रेनिकल द बेसी या फ्रेंच गणितज्ञाला १६५७ साली हे उदाहरण ठाऊक होते. तीन प्रकारांनी अशी मांडणी होणारी सर्वांत लहान संख्या ८,७५,३९,३१९ असून ती जॉन लीच यांनी १९५७ साली दाखविली. हार्डींनी त्या भेटीत चतुर्थ घातांबद्दलही विचारले होते. रामानुजन थोडा विचार करून म्हणाले की, असे उदाहरण चटकन सुचत नाही, पण ती संख्या फार मोठी असली पाहिजे. ऑयलरने दिलेले उदाहरण ६३,५३,१८,६५७ आहे. उत्तर ठाऊक नसताना त्याचा अदमास घेता येणे हेही अभ्यासाचेच फळ होय.

मूळ संख्येचे सोंग

१७२९ ही ज्या दुसऱ्या महत्त्वाच्या वर्गात मोडते तो कमी प्रसिद्ध आहे. १६४० साली फर्मा याने एक नियम सांगितला. कोणतीही मूळ संख्या घ्या आणि तिने भाग न जाणारी दुसरी एखादी संख्या घ्या. मूळ संख्येतून एक वजा केल्यावर जितके उरतील, तितक्या वेळा दुसरी संख्या मांडून गुणाकार करा. त्या गुणाकाराला मूळ संख्येने भागले असता बाकी नेहमी १ उरते. उदाहरणार्थ, ७ साठी २ चा सहावा घात ६४ असून त्याला ७ ने भागल्यास बाकी १.

मग हा नियम उलटा लावून मूळ संख्या ओळखता येतील काय? बाकी १ आली की संख्या मूळ समजावी, असे म्हणण्याचा मोह होतो. १७२९ या समजुतीचा पराभव करते. २ चा ३६ वा घात ६८,७१,९४,७६,७३६ आहे. त्यातून १ वजा करून १७२९ ने भागले तर ३,९७,४५,२१५ हा भागाकार येतो आणि बाकी काही उरत नाही. १७२८ ही ३६ ची ४८ पट असल्यामुळे १७२८ व्या घातालाही बाकी १ च उरणार. जी गोष्ट २ ची, तीच ७, १३ किंवा १९ ने भाग न जाणाऱ्या प्रत्येक संख्येची. संयुक्त असूनही १७२९ मूळ संख्येचे हुबेहूब सोंग घेते. एखादा बहुरूपी फौजदाराचा वेष करून गावात यावा आणि कोणाला शंका येऊ नये, तसा हा प्रकार आहे.

सोंग उघडे कसे पाडावे हे १८९९ साली कोर्सेल्ट यांनी सांगितले. संख्येचा कोणताही मूळ अवयव दोनदा आलेला नसावा, आणि प्रत्येक मूळ अवयवातून १ वजा केल्यावर जे उरते त्याने, मूळ संख्येतून १ वजा करून येणाऱ्या संख्येला निःशेष भाग जावा. आपल्या उदाहरणात ७, १३, १९ मधून १ वजा केल्यास ६, १२, १८ उरतात; १७२८ ला त्यांनी भागल्यास अनुक्रमे २८८, १४४ आणि ९६ येतात. अवयवांमधील ६ - ६ चे अंतर येथे उपयोगी पडले. अशा संख्यांना अमेरिकन गणितज्ञ कार्मायकल यांचे नाव मिळाले आहे. ५६१ आणि ११०५ यांच्यानंतरची १७२९ ही तिसरी कार्मायकल संख्या होय. अशा संख्या अनंत आहेत, हे ॲलफर्ड, ग्रॅनव्हिल आणि पॉमरन्स यांच्या १९९४ च्या निबंधाने सिद्ध झाले.

हा केवळ करमणुकीचा विषय नाही. गुप्त संदेश आणि पैशांचे व्यवहार संगणकावरून सुरक्षितपणे करण्याच्या काही पद्धती फार मोठ्या मूळ संख्यांवर उभ्या आहेत. तेथे सोंग घेतलेली संख्या खरी समजून चालत नाही. म्हणून फर्माच्या कसोटीहून कडक कसोट्या वापराव्या लागतात. मूळ संख्या निश्चितपणे आणि वाजवी वेळात ओळखण्याची रीत २००२ साली कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दिली.

अंकांची बेरीज

आता महाराष्ट्राकडे वळू, कारण १७२९ च्या आणखी एका गुणाचे नाव तेथील आहे. डहाणू येथे १९०५ साली जन्मलेले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी १९३० पासून १९६२ पर्यंत देवळाली येथे शाळेत शिक्षकाचे काम केले आणि फावल्या वेळात संख्यांचा ध्यास घेतला. ६१७४ या संख्येमुळे त्यांचे नाव जगभर झाले. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो, तिला त्यांनी हर्षद, म्हणजे हर्ष देणारी, संख्या असे सुंदर नाव दिले. १७२९ च्या अंकांची बेरीज १ + ७ + २ + ९ = १९ आणि १९ × ९१ = १७२९. म्हणजे ती हर्षद आहे. एवढेच नव्हे, भागाकार आला ९१, आणि तो १९ ची उलट मांडणी आहे. अंकांची बेरीज आणि तिची उलट मांडणी यांच्या गुणाकाराइतक्या असणाऱ्या संख्या चारच आहेत : १, ८१, १४५८ आणि १७२९.

येथे प्रारंभी सांगितलेला भेद आठवावा. समजा आपण दहाऐवजी बाराच्या गटांनी मोजत असतो. मग १७२९ नग आपण एक मोठा ग्रोस, शून्य ग्रोस, शून्य डझन आणि एक सुटा, म्हणजे १००१ असे लिहिले असते. अंकांची बेरीज २ झाली असती आणि विषम संख्येला २ ने भाग जात नाही. हर्षदपण नाहीसे झाले! उलट ७ × १३ × १९ हे अवयव, दोन घनांची दुहेरी बेरीज आणि कार्मायकल संख्येचे लक्षण यांना मात्र धक्का लागत नाही. हर्षद असणे हा दशमान लेखनाचा गुण आहे. ते गुण संख्येचे स्वतःचे आहेत.

हार्डी अशा अंकांच्या गमतींना फारशी किंमत देत नसत. १९४० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मपर पुस्तकात त्यांनी ८७१२ आणि ९८०१ यांची उदाहरणे घेतली. त्या अनुक्रमे २१७८ ची चौपट आणि १०८९ ची नऊपट असून स्वतःच्या उलट मांडणीच्या पटीत आहेत. गणितज्ञाला त्यांत रस वाटण्यासारखे काही नाही, असे त्यांचे मत होते. ते मत समजून घेतले पाहिजे, पण त्यासाठी कापरेकरांची उपेक्षा करण्याचे कारण नाही. दशमान पद्धती ही भारताने जगाला दिलेली देणगी आहे. तिचे स्वभावधर्म शोधणे हेही काम आहे. शिवाय पाटीवर संख्या घेऊन बसण्याची जी सवय देवळालीच्या शिक्षकाला होती, तीच कुंभकोणमच्या मुलाला होती. शोधाचा मार्ग पुष्कळदा अशा सवयीतूनच फुटतो.

एकाने हुकलेले घन

रामानुजन यांना १७२९ चा गुण त्या क्षणी स्फुरला की आधीपासून ठाऊक होता? इंग्लंडला जाण्यापूर्वी, १९१३ साली, त्यांनी भारतीय गणित मंडळाच्या नियतकालिकात तीन घनांची बेरीज चौथ्या घनाइतकी करण्याचे एक व्यापक सूत्र प्रश्नरूपाने मांडले होते. ३, ४ आणि ५ यांच्या घनांची बेरीज ६ च्या घनाइतकी असते, हे त्याचे सर्वांत साधे उदाहरण. तेव्हा घनांशी त्यांची ओळख जुनी होती. त्यांच्या अप्रकाशित कागदांच्या छायाप्रती जन्मशताब्दीच्या सुमारास प्रसिद्ध झाल्या. त्यांतील एका पानावर त्याहून अधिक काही आहे.

दोन घनांची बेरीज तिसऱ्या घनाइतकी कधीच होत नाही. फर्माच्या प्रसिद्ध विधानाचा हा भाग ऑयलरने अठराव्या शतकात हाताळला होता. रामानुजन यांनी विचारले : ती नेमकी एकाने हुकते, असे किती वेळा घडते? पुढील तीन ओळी पाहा.

१, २, २
१३५, १३८, १७२
१११६१, ११४६८, १४२५८

प्रत्येक ओळीतील पहिल्या दोन संख्यांच्या घनांची बेरीज तिसरीच्या घनाहून आळीपाळीने एकाने जास्त आणि एकाने कमी आहे. पुढची ओळ मिळविण्याचा नियम असा : प्रत्येक स्तंभातील शेवटच्या दोन संख्यांची बेरीज करावी, तिची ८२ पट करावी आणि तिच्यातून त्या दोहोंच्या आधीची संख्या वजा करावी. त्याप्रमाणे चौथी ओळ ९२६२७१, ९५१६९०, ११८३२५८ अशी येते, आणि ही माळ कधीच संपत नाही.

आता हाच नियम उलट दिशेने चालवू. पहिल्या स्तंभात १ आणि १३५ यांची बेरीज १३६. तिची ८२ पट ११,१५२. त्यातून १११६१ गेले, राहिले उणे ९. दुसऱ्या स्तंभात ११,४८० मधून ११४६८ गेले, राहिले १२. तिसऱ्यात १४,२६८ मधून १४२५८ गेले, राहिले १०. म्हणजे आधीची ओळ आहे उणे ९, १२, १०. तिच्या घनांचा हिशोब १७२८ − ७२९ = १००० − १ असा होतो. उणे ७२९ आणि उणे १ यांना पलीकडच्या बाजूंना नेले की १७२८ + १ = १००० + ७२९. हीच ती मोटारीची संख्या! एका अनंत मालिकेतील ती एक पायरी आहे. रामानुजन यांनी त्या पानावर या मालिकेची दोन्ही बाजूंकडील वाढ नोंदविलेली आहे. केन ओनो आणि सारा ट्रेबॅट-लेडर यांनी २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात दाखविले की, या सूत्रांमागे ज्या प्रकारचा बैजिक पृष्ठभाग दडला आहे, त्याचा पद्धतशीर अभ्यास रामानुजन यांच्या मृत्यूनंतर अनेक दशकांनी सुरू झाला.

आणखी एक पायरी मागे गेले तर उणे ७९१, १०१० आणि ८१२ येतात. तंजावरचे बृहदीश्वर मंदिर राजराज चोळाने इ. स. १०१० मध्ये पूर्ण केले. म्हणून या दोहोंत काही गूढ नाते आहे काय? मुळीच नाही. सनाची गणना माणसाने एका ठरावीक वर्षापासून सुरू केली म्हणून ते वर्ष १०१० ठरले. गणिताच्या अभ्यासकाने योगायोगाला योगायोग म्हणण्याचे धैर्य ठेवले पाहिजे. मोटारीला १७२९ क्रमांक असणे हाही योगायोगच होता; त्या संख्येविषयी सांगण्यासारखे काही असणे हा मात्र योगायोग नव्हता.

समारोप

रामानुजन यांनी हार्डींना जे उत्तर दिले त्यामागे कुंभकोणमच्या घरातील पाटी आणि वर्षानुवर्षांचे गणन होते. शाळेत असताना, १९०३ साली, हाती पडलेले जी. एस. कार यांचे सूत्रसंग्रहाचे पुस्तक त्यांनी स्वतः सूत्रे सिद्ध करीत वाचले होते. इतर विषयांकडे दुर्लक्ष झाल्यामुळे महाविद्यालयातील शिष्यवृत्ती गेली, तरी हे काम थांबले नाही. २६ एप्रिल १९२० रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी, ते मद्रास येथे मरण पावले. कुंभकोणमचे ते घर आता तंजावरच्या शास्त्र विद्यापीठाने जतन केले असून, २००५ पासून ३२ वर्षांपर्यंतच्या गणितज्ञांना रामानुजन यांच्या नावाचे पारितोषिक ते विद्यापीठ देत आले आहे. परंतु त्यांचे खरे स्मरण करावयाचे तर त्यांच्यासारखी एखादी संख्या हाती घेऊन बसणे हाच उत्तम मार्ग.

वाचकाने ४१०४ ही संख्या घ्यावी. तिचे मूळ अवयव काढावेत. ती दोन घनांच्या बेरजेने किती प्रकारांनी मांडता येते ते वर दिलेल्या रीतीने शोधावे. ती हर्षद आहे काय आणि कार्मायकल संख्या असू शकते काय, हे ठरवावे. उत्तर मिळाल्यावर त्यातील कोणते गुण संख्येचे आणि कोणते केवळ तिच्या लेखनाचे, हे वेगळे लिहून ठेवावे. कागद नसेल तर पाटी चालेल.